छत्तीसचा आकडा

लूम म्हणजे मला वाटलं होतं माग,
खड्डा, पावड्या, धोटा, घरभर ताणलेले धागे.
बोहरी आळीत मुर्तुझाभाईंनी खोक्यातून काढलं ते
निळ्या प्लॅस्टिकचं कडं,
वर गोल उभ्या खुंट्या,
पोराच्या खेळण्यातून निसटून आल्यासारखं.
"एकशे ऐंशी," म्हणाले, "आकडा फुकट."

शेजारी लाकडी होतं, पितळी खुंट्यांचं,
साडेअकराशे.
तळव्यावर तोललं,
अंगठा फिरवला कडेवरून, कुठे अडला नाही,
आणि होतं तिथे ठेवून दिलं.

एकतीस वर्षं भोसरीत टर्नर होतो मी.
मिलिमीटरचे शंभर भाग करून
त्यातल्या दोन भागांसाठी भांडलोय.
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली,
अठ्ठ्याण्णव साली, दुसऱ्या पाळीत.
म्हणून दोन सुयांचं काम जमत नाही.
कुमुदनं महिनाभर शिकवून पाहिलं,
मग सुया कपाटात ठेवल्या
आणि मला भाजी आणायला पाठवलं.

तर आता हे कडं.
खिशातून व्हर्नियर काढला
(घरातून निघताना चष्मा विसरतो, व्हर्नियर नाही).
खुंटी ते खुंटी: अठरा. साडेसतरा. अठरा. एकोणीस!
"कुणी ओतलं हे?"
मुर्तुझाभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.
"साहेब, टोपी विणायचीय का पिस्टन?"

लोकरीच्या लडी गालाला लावून बघणारी एक मुलगी,
गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र,
न विचारताच म्हणाली,
"काका, अंतर जास्त असलं की वीण जाळीदार पडते.
दोन पदर एकत्र घ्या, नाहीतर जाड लोकर.
खुंटी हलते का तेवढं बघा,
बाकी सगळं चालतं."

बाकी सगळं चालतं!
आमच्या शॉपमध्ये हे कुणी म्हणालं असतं
तर मी स्वतः त्याला गेटपर्यंत सोडून आलो असतो.

एकेक खुंटी हलवून पाहिली, दातासारखी.
तेविसावी जराशी बोलली.
दुसरं कडं मागितलं, त्याची सातवी आणि आठवी.
तिसरं मागणार होतो,
पण मुर्तुझाभाईंनी कप पुन्हा उचलला होता.
पहिलंच घेतलं. वर राखाडी लोकरीचे दोन गुंडे.
दहा रुपये सोडा म्हणालो. पाच सोडले.

धायरीला पोचेस्तोवर दिवे लागले.
कुमुदनं पिशवीत डोकावून खुंट्या मोजल्या,
आकडा बोटात धरून उलटसुलट केला.
"छत्तीसचा आकडा घरात आणलात की हो विकत."
म्हटलं, छत्तीस गुण म्हण.
"आपले एकोणीसच जुळले होते," म्हणाली,
आणि कुकरची शिटी मोजायला आत गेली.

रात्री कानशीनं बारीक कंगोरा घासला,
तेविसावीच्या बुडाशी थेंबभर फेविक्विक.
मग वेढे. एक फेरी, वर दुसरी.
खालचा फास आकड्यानं उचलायचा,
वरच्यावरून ओलांडून खुंटीमागे सोडायचा,
खाली. वर. पलीकडे.
डाव्या हाताला कडं नुसतं धरायचं असतं.
त्याला तीन बोटं पुरतात.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी टोपी उतरली.
माझ्या डोक्याला घेर बावीस मिलिमीटर जास्त,
चौथ्या ओळीत एक टाका सुटलेला,
शेंड्याला गाठ अशी की जणू नटबोल्ट.
नापास मालावर मारायचा लाल खडू
अजून आहे माझ्याकडे, खणात, मागच्या बाजूला.
काढायला उठलो नाही.

कुमुदनं टोपी उजेडात धरली,
सुटल्या टाक्यातून करंगळी काढून दाखवली,
"इथून वारा येणार."
आणि सकाळी सहाला, थंडीत,
तीच कानांवर ओढून
दूध आणायला गेली.